आधी हात ओळखा, मग नाव वाचा : बडोद्याच्या जुन्या कागदांत पूर्वज शोधताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुमचं मूळ घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. आजोबांच्या पेटीत तीन कागद निघाले. पहिला म्हणजे घरातल्या माणसांची मोडी यादी. दुसरी १९०८ सालची संस्थानी शाळेतल्या दाखल-नोंदीची गुजराती नक्कल, आणि तिसरं उजवीकडून फाटलेलं एक मोडी पत्र. यादीतून तुम्ही आठ नावं काढलीत, त्यात एक ‘गोपाळ’ आणि एक ‘गोविंद’. यातले खापरपणजोबा कोणते, यादीच्या डोक्यावरचा ‘अर्बा’ कोण, सखूबाईंच्या नावापुढे ‘कोम’ लिहूनही जात का लिहिलेली नाही, आणि १९०१ च्या शिरगणतीतलं तुमच्या घराचं मूळ पान कुठे मिळेल, हे तुम्ही विचारलं आहे. आजोबांचं नाव गोविंद, तेव्हा त्यांचे आजोबाही गोविंदच असावेत असं मन म्हणतं, हेही तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत. त्याबद्दल पुढे बोलतो.

शिरगणतीचं आधी, कारण त्या शोधात लोकांची वर्षं जातात. विलायतेत शिरगणतीचे घरोघरचे कागद जपले जातात आणि शंभर वर्षांनी उघडे होतात. १९२१ चे २०२२ मध्ये झाले. ते पाहून आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं. आपल्याकडे घरोघर भरलेल्या कागदांवरून आकडे काढायचे, कोष्टकं छापायची आणि मूळ कागद मोडीत काढायचे, अशी रीत होती. बडोदे संस्थानच्या शिरगणतीचे छापील अहवाल आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. कोणत्या तालुक्यात किती घरं, किती मराठी बोलणारे, कोणता धंदा करणारे किती, हे त्यांत मिळतं. तुमच्या खापरपणजोबांचं नाव मिळणार नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी हे कागद वाचतो आहे, पण १९०१ च्या शिरगणतीचा घरोघरचा मूळ कागद एकदाही हाती आलेला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या शिरगणतीचे कागद तर १९४८ च्या कायद्यानं कोणालाच पाहता येत नाहीत. तेव्हा तो नाद सोडा.

तुमच्या पेटीतली यादी मात्र त्याहून मोलाची आहे. हा खानेसुमारीतला कागद दिसतो. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजदाद. इंग्रजी पद्धतीची शिरगणती येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी दफ्तरात घरं, माणसं, जनावरं अशी मोजून ठेवलेली आहेत. कधी कराची पट्टी बसवायची म्हणून, कधी पागेतल्या, म्हणजे घोडदळातल्या, माणसांचा हिशेब म्हणून. तुमच्या यादीत नावांच्या खाली ‘घोडा १’ आणि ‘दरमहा रु १५॥’ आहे, म्हणून मला ती पागेकडच्या किंवा शिलेदारीच्या कामाची वाटते. त्या आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा तुम्ही शब्दाचं संक्षिप्त रूप समजलात. रुपयांच्या आकड्यापुढे त्या अर्ध्याच्या खुणा असतात, म्हणजे साडेपंधरा रुपये. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. अक्षरापुढे आल्या तर संक्षेप, आकड्यापुढे आल्या तर अपूर्णांक.

आता वाचनाबद्दल. माझी एक चूक सांगतो, कारण मी आज ज्या पद्धतीनं वाचतो ती त्या चुकीतून आली.

सुरुवातीच्या काळात रावपुऱ्यातल्या एका कुटुंबानं मला एक सनद वाचायला दिली. देताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी पिढीजात गोष्ट सांगितली की आमचे मूळ पुरुष किल्लेदार होते. कागदावर त्या जागी शाई पसरली होती, पहिलं अक्षर बुजलं होतं, पुढचा भाग नीट दिसत होता. मी ‘किल्लेदार’ वाचलं. मनात तोच शब्द होता, डोळ्यांना दुसरा सुचलाच नाही. त्यांनी तो शब्द घराच्या दारावरच्या पाटीत कोरून घेतला. दोन वर्षांनी त्याच कारकुनाच्या हातचा दुसरा कागद त्याच घरात निघाला आणि तिथे स्वच्छ ‘शिलेदार’ होतं. मी पहिला कागद पुन्हा घेऊन बसलो. जोडाक्षराला जागाच नव्हती; ‘ल्ले’ मी मनानं घातला होता. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला उभा राहणारा माणूस ही काही कमी मानाची गोष्ट नाही. पण मला त्या घरी जाऊन पाटी चुकीची आहे हे सांगावं लागलं, आणि ऐकताना त्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा कसा झाला ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून कागद वाचून होईपर्यंत मी घरातली गोष्ट ऐकत नाही. तुमच्या पत्रातही ‘गोविंदच असावेत’ हे वाक्य मी वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून, चार दिवस जाऊ देऊन, मगच यादीला हात घातला. तुम्हीही हेच करा. जे नाव हवंय त्याच्यापासून सुरुवात करू नका. ज्या नावाचं आपल्याला काही सोयरसुतक नाही, त्याच्यापासून करा.

म्हणजे काय करायचं, तर आधी लिहिणाऱ्याचा हात शिकायचा. वर्गात शिकलेली मोडी ही पाटीवरची मोडी. कागदावरची मोडी त्या एका कारकुनाची असते. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी पेशवाईतल्या वळणांची नावं पुस्तकात असतात, ती माहीत असावीत. पण बडोद्याच्या दफ्तरातला साधा कारकून ऐन कामाच्या गर्दीत वळण सांभाळत बसत नव्हता. त्यानं आधी कागदावर आडवी रेघ मारली, तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं लोंबत ठेवली, शब्द तोडले नाहीत, ओळ संपली तिथे शब्द मध्येच मोडून खालच्या ओळीत नेला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नाहीच. अनुस्वार मनात आला तर दिला. एवढ्या सगळ्या धूसरपणात टिकून राहतं ते एकच : तोच हात तेच अक्षर पुन्हा पुन्हा तसंच काढतो.

म्हणून मी एका कोऱ्या कागदावर त्या कारकुनाची स्वतंत्र बाराखडी करतो. ती भरायची कशी? ज्या शब्दांबद्दल शंका असूच शकत नाही अशा शब्दांवरून. पत्र असेल तर सोपं आहे, कारण पत्राचा मायना ठरलेला. ‘येथील कुशल जाणोन स्वकीये कुशल लिहीत जाणे’ हे कुठेतरी येणारच, ‘बहुत काय लिहिणे’ येणारच. अक्षर किती का बिघडलेलं असेना, तिथे काय लिहिलंय ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. एवढ्या एका ओळीतून य, थ, क, श, ल, ज, ण, स, व, ह, त इतकी अक्षरं हाती लागतात. यादी असेल तर ‘यादी’, ‘बितपशील’, ‘येणेप्रमाणे’, ‘पैकी’, ‘एकूण’, ‘असामी’, ‘मजकूर’, ‘सदरहू’, ‘कित्ता’ हे शब्द त्याच कामाचे. प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट जसंच्या तसं उतरवून घ्या. माझ्या अनुभवात साधारण पान-दीड पानाच्या मजकुरात निम्म्याहून जास्त बाराखडी भरते आणि मग उरलेली नावं आपोआप सुटायला लागतात. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. फोनवरच्या दोन साधनांनी तुम्हाला दोन वेगळी वाचनं दिली, असं तुम्ही म्हणता. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, छापील मोडी आता संगणकावर लिहिता येते. पण छापील अक्षर ओळखणं आणि एका कारकुनाचा घाईतला हात ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राचं वाचन सूचना म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको.

आता तुमची यादी. तिच्या डोक्यावर, वर्षाच्या खाली, ‘असामी ६’ आहे, म्हणजे सहा माणसं. आपल्या जुन्या हिशेबात एकूण आधी आणि तपशील नंतर लिहीत, म्हणून हा आकडा वर आहे. हा सहाचा आकडा तुमच्या हातात असताना तुम्ही आठ नावं काढलीत. कारकून मोजणीत दोनानं चुकला, असा तुमचा तर्क. मी इतक्या वर्षांत कारकुनांच्या बेरजा फार क्वचित चुकलेल्या पाहिल्या आहेत, वाचणाऱ्याचं चुकतं. शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे नाव कुठे संपतं ते आपल्याला ठरवावं लागतं आणि आपण जास्तीची माणसं निर्माण करतो.

पहिलं जास्तीचं नाव ‘बिन’मुळे झालं. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. ‘वलद’चाही अर्थ तोच. बिनच्या पुढचं नाव त्या माणसाच्या वडिलांचं. ते कदाचित तेव्हा हयातही नसतील, त्या घरात राहत असणं तर दूरच. म्हणजे तुमच्या आठांतला एक कमी झाला.

दुसरं जास्तीचं नाव ‘कोम’मुळे झालं, आणि इथे तुमची फसगत होणं अगदी साहजिक होतं. बडोद्याचे कागद वाचणाऱ्या प्रत्येकाची होते. तुमच्या शाळेच्या गुजराती नकलेत ‘कोम’ असा रकाना आहे आणि त्यात जात लिहिली आहे. गुजरातीत कोम म्हणजे जात, समाज. तोच शब्द तुम्ही मोडी यादीत पाहिलात आणि पुढे जात शोधलीत. मराठी दफ्तरात मात्र ‘सखूबाई कोम अमुक’ म्हणजे अमुकची बायको सखूबाई. तीच दोन अक्षरं, एकाच शहरात, पन्नास वर्षांच्या अंतरानं, दोन लिप्यांत, आणि अर्थ वेगळे. कोमच्या पुढे जात नाही म्हणून ते वेगळ्या माणसाचं नाव असेल, असं धरून तुम्ही त्याला आठव्या असामीचा दर्जा दिलात. तो सखूबाईंचा नवरा आहे आणि यादीत त्याचं नाव आधीच येऊन गेलं आहे. दोन वजा केले, उरले सहा. कारकुनाचा आकडा बरोबर होता.

आता यातून काय हाती लागतं पाहा. तुमचा ‘गोपाळ’ आणि तुमचा ‘गोविंद’ हे दोन माणसं नाहीत. एकच माणूस दोनदा आला आहे, एकदा स्वतःच्या ओळीत आणि एकदा बायकोच्या ओळीत. पहिल्या ठिकाणी ओल लागून मधलं अक्षर गेलं आहे. दुसऱ्या ठिकाणी, तीन ओळी खाली, कागद कोरडा आहे. आपल्याकडच्या घरांतल्या कितीतरी पुरुषांची नावं बायकोच्या ओळीनं वाचवलेली मी पाहिली आहेत. यादीत बायकांची ओळ आली की लोक घाईनं पुढे जातात; माझं सांगणं आहे की तिथेच थांबा. नवऱ्याचं नाव तिथे पुन्हा लिहिलेलं असतं, विधवा असेल तर तेही कळतं, आणि सासरी ठेवलेलं नाव तरी मिळतं, जे इतर कोणत्याच कागदात टिकत नाही.

त्या दुसऱ्या जागेचं वाचन असं केलं. ‘गो’बद्दल वाद नाही. मधल्या अक्षरावर वेलांटी आहे की पुढे काना, हा खरा प्रश्न. गोपाळमध्ये मध्ये काना हवा, म्हणजे अक्षराशेजारून उभा फटका वरच्या रेघेपर्यंत जायला हवा. इथे तसा फटका नाही. वरून वळून आलेली वेलांटी आहे. याच कारकुनानं वर ‘बितपशील’ लिहिताना ‘बि’ची वेलांटी जशी वळवली आहे, तशीच. शेवटचं अक्षर ‘यादी’तल्या ‘दी’मधून वेलांटी काढल्यावर उरतं तेच आहे. अनुस्वार दिलेला नाही, पण या पानावर त्यानं कुठेच दिलेला नाही. पुढे ‘राव’ आहे. म्हणजे ‘गोविदराव’, आपण म्हणू गोविंदराव. मग या माहितीसह वरच्या ओल लागलेल्या जागेकडे परत गेलो, तर तिथेही कान्याचा फटका नाहीच; ओलीचा डाग उभा उतरला आहे आणि तो तुम्हाला काना वाटला.

तुमच्या मनातलंच नाव निघालं. पण ते आजोबांच्या नावावरून काढलेलं नाही, याची खात्री आता तुम्हाला देता येते. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत हा चांगला आधार आहे, मात्र तो शेवटी आणायचा. ही रीत फसवतेही : आजोबांचं नाव ठेवलेल्या मुलाला घरात त्या नावानं हाक मारता येत नाही, मग तो नाना, बापू, तात्या होतो, आणि पत्रांत तेच येतं. तुमच्या फाटक्या पत्रात ‘चि. नाना’ आहे, त्याचा शोध या दिशेनं घ्या.

गुजराती नकलेबद्दल थोडं. आपल्यातले पुष्कळजण गुजराती लिपी येते म्हणून ती वाचायला बसतात आणि तिथेच अडकतात, कारण छापील गुजराती वेगळी आणि शाळा मास्तरांच्या हातची वेगळी. पाचाचा आकडा आणि ‘प’ तिथे जवळजवळ सारखे, दोनाचा आकडा आणि ‘र’ सारखे. तुम्ही क्रमांकाच्या रकान्यात ‘रप’ वाचून हे कशाचं संक्षिप्त रूप म्हणून विचारलंत. तो पंचवीस आहे. रकान्याचं डोकं आधी वाचायचं, मग खालचं अक्षर आकडा की अक्षर हे ठरवायचं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘प’ आणि ‘य’ यांची गल्लत होते. गुजराती लिहिणारा मराठी आडनावाचा ‘ळ’ कधी ‘ल’ करतो, कधी आडनाव गाळून नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव ठेवतो. संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या शाळेच्या नोंदी ही बडोद्याच्या घरांसाठी मोठी ठेव आहे. मुलगा, बाप, जात, राहण्याचं ठिकाण, वय, सगळं एका ओळीत. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. पुष्कळदा ती मास्तरांनी अंदाजानं घातलेली असते.

आणि हे विशेष ध्यानात ठेवा : एकच नाव मोडीत आणि गुजरातीत दोन्हीकडे असेल, तर ती दोन स्वतंत्र साक्षींसारखी असतात. मोडीत जी अक्षरं एकमेकांसारखी दिसतात ती गुजरातीत दिसत नाहीत, आणि उलट. एका लिपीतली शंका दुसरी लिपी मिटवते. ही सोय पुण्या-साताऱ्याच्या कागदांना नाही. तुमच्या नकलेत बापाच्या नावाच्या रकान्यात जे आहे, ते मोडी यादीतल्या पोरांच्या नावांशी ताडून पाहू नका मात्र. यादी त्या माणसाच्या जन्माआधीची आहे. कसं ते आता सांगतो.

‘अर्बा’ ही व्यक्ती नाही. पूर्ण ओळ अशी आहे : सन अर्बा खमसैन मयातैन व अलफ. हे अरबी आकडे आहेत, शुहूर सनाचे, म्हणजे मराठी दफ्तरातल्या जुन्या कालगणनेचे, आणि ते एकं, दहं, शतं, सहस्र अशा क्रमानं लिहितात. अर्बा चार, खमसैन पन्नास, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे १२५४. या सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उत्तर १८५३-५४. पडताळा हवा तर पानिपत घ्या : शुहूर ११६१, इहिदे सितैन मया व अलफ, त्यात ६०० मिळवले की जानेवारी १७६१. शेवटच्या ‘ऐन’कडे नीट लक्ष द्या, कारण खमस म्हणजे पाच आणि खमसैन म्हणजे पन्नास, सित सहा, सितैन साठ, सब्बा सात, सबैन सत्तर. एक शेपूट निसटलं की घराणं पंचेचाळीस वर्षं मागे जातं. तुमच्या यादीत खाली ‘श्रीमंत गणपतराव महाराज’ आहे. गणपतराव १८४७ ते १८५६ गादीवर होते, त्यांच्यामागून खंडेराव १८७० पर्यंत, मग मल्हारराव १८७५ पर्यंत. सन आणि राजा जुळतात, तेव्हा ही तारीख पक्की धरा. ज्या कागदावर सन नसेल, तिथे राजाचं नाव शोधायची सवय लावा.

पत्रावरची तारीख दुसऱ्या तऱ्हेची आहे : मार्गशीर्ष शुद्ध ५, संवत १९५६. तुम्ही छप्पन्न वजा करून १९०० काढलंत. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतं, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत सत्तावन्न वजा करायचे. पत्र १८९९ च्या डिसेंबरातलं आहे. आत ‘दाणा मिळत नाही, जनावरे गेली’ असं आहे, तो छपन्याचा दुष्काळ. गुजरातेत आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो संवताच्या आकड्यानंच आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडचे कागद असते तर आणखी एक काळजी घ्यावी लागली असती, कारण तिकडचं संवत चैत्रात बदलतं आणि स्थानिक पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो. आपला माघ वद्य म्हणजे तिकडचा फाल्गुन बदी. एकाच दिवसाची दोन पत्रं महिन्याच्या फरकानं वाचली जातात. शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ आणि पुढे ७९ मिळवा.

कागदाची काळजी. तुम्ही अक्षर उठावं म्हणून ओल्या कापसानं पुसून पाहायचं म्हणता. कृपा करून करू नका. काजळाची शाई पाण्यानं पसरते आणि पसरलेली परत येत नाही. चिकटपट्टीही नको, ती काही वर्षांनी कागदाला पिवळं करून सोडते. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, प्रकाश एका बाजूनं तिरपा पडेल असा कागद ठेवा आणि फोटो काढा. बोरूनं कागदावर उमटलेली खाच अशा उजेडात दिसते, शाई फिकी झाली असली तरी. फ्लॅश बंद. मग फोटो संगणकावर मोठा करून काळं-पांढरं उलटं करून पाहा. अक्षराभोवतीचे बारीक ठिपके अनुस्वार समजू नका. ओली शाई टिपायला वाळू टाकत, तिचे कण अजून चिकटलेले असतात.

लिप्यंतर करताना ओळीला ओळ ठेवा, जे अक्षर दिसत नाही तिथे रिकामी जागा सोडा, आणि अंदाज वेगळ्या रंगानं लिहा. पुढच्या पिढीला तुमचं वाचन आणि तुमचा अंदाज वेगळे दिसले पाहिजेत.

आणखी कागद कुठे मिळतील? बडोद्यात कोठीवरच्या दफ्तरात रुमालांत बांधलेलं मराठी दफ्तर आहे. अर्ज करून, पागेचं किंवा खात्याचं नाव आणि साल देऊन मागावं लागतं, म्हणून १८५३-५४ हे साल आता तुमच्या उपयोगाचं. दुसरी जागा म्हणजे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथे यजमानानं पुष्कळदा स्वतःच्या हातानं नाव, बापाचं, आज्याचं नाव, मूळ गाव लिहिलेलं असतं. मूळ गाव आणि आडनाव सांगून उपाध्ये शोधावे लागतात. कारकुनाच्या हाताऐवजी आपल्याच माणसाचा हात पाहायला मिळणं ही वेगळीच गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी एका बाईंना त्र्यंबकला पणजोबांची अशी सही सापडली, तेव्हा त्या बराच वेळ त्या ओळीवर नुसतं बोट ठेवून बसल्या होत्या.

आता जे सुटलेलं नाही ते. गोविंदराव बिन कोण? शेवटी ‘जी’ आहे, आरंभी ‘रा’ आहे, मधलं अक्षर घडीवर आलं आहे आणि कागद तिथेच तुटला आहे. राणोजी असेल किंवा राघोजी. या पानावर ‘ण’ ‘एकूण’मध्ये आणि ‘येणेप्रमाणे’त मिळतो, पण ‘घ’ मिळतो तो फक्त ‘घोडा’ या एका शब्दात, आणि उरलेला अर्धा फटका दोन्हींशी जुळतो. मी ती जागा रिकामी सोडली आहे. तुम्हीही वंशावळीत रिकामीच ठेवा. यादीच्या मागच्या बाजूचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. घडी घातलेल्या कागदाच्या पाठीवर कारकून बहुधा एका ओळीत कागद कोणाचा ते लिहून ठेवत, दफ्तरात शोधायला सोपं जावं म्हणून. तो फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा, आणि घडी उलगडताना जोर लावू नका.